चौदा ओळी, एक शिळा आणि दोन सह्या

पत्राचा सारांश: पत्रलेखक कवी आहेत, दोन संग्रह प्रसिद्ध झाले आहेत. ओळखीच्या एका शिल्पकाराबरोबर पाच कोरीव शिळा करून त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आहे. पहिल्या शिळेसाठी त्यांनी चौदा ओळींची, साठेक शब्दांची कविता दिली. शिळा वालुकाश्माची, ९० सेंटिमीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद, उघड्यावर उभी राहणारी. शिल्पकारांचं म्हणणं असं: चारच ओळी घ्या. 'आर्द्र' हा शब्द बदला, तो या दगडात टिकणार नाही. दगडात एक तिरकी रेघ आहे, ओळी तिच्या कलाने तोडू. आणि विक्रीतले दोन तृतीयांश पैसे माझे. शिळेवर नाव कोणाचं, हा विषय अजून निघालेलाच नाही. पत्रलेखक विचारतात, 'कविता माझी, ते ती कोरणार. मग कवितेत काय राहावं हे ते कसं ठरवतात? मैत्री सांभाळू की कविता? की माघारच घेऊ?'

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या मागण्या एकाच माणसाच्या तोंडून आल्या, म्हणून तुम्ही त्या सगळ्यांना एकाच रागात बसवलंय. पण त्या एका जातीच्या नाहीत. काही दगडाच्या आहेत, काही शिल्पकारांच्या आवडीच्या, आणि एक सरळ हिशेबाची. दगडाच्या मागणीशी भांडून उपयोग नसतो. आवडीच्या मागणीवर बोलणी होऊ शकतात. हिशेब कागदावर मांडता येतो. तेव्हा आधी कुठली कुठे बसते ते पाहू.

लांबीपासून सुरुवात करतो. 'चारच ओळी' हे दगड सांगतोय का? कागद-पेन्सिल घ्या. ६० सेंटिमीटर रुंदीत दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर समास सोडला की ५० उरतात. उघड्यावरच्या वालुकाश्मात अक्षराची उंची, म्हणजे शिरोरेषेपासून तळापर्यंतचं अंतर, ४० मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार यांना जागा लागते, म्हणून एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचं अंतर या उंचीच्या दुपटीहून थोडं जास्त, ८५ ते ९० मिलिमीटर धरा. वरखाली समास सोडून ७२ सेंटिमीटर उरले तर आठ ओळी बसतात. आडवं पाहिलं तर एक अक्षर सरासरी ४० मिलिमीटर जागा खातं, म्हणजे एका ओळीत बारा जागा. आठ ओळींच्या शहाण्णव जागा झाल्या. मराठी शब्द सरासरी तीन अक्षरांचा आणि त्यानंतर एक मोकळी जागा धरली, तर साधारण चोवीस शब्द.

तुमचे साठ शब्द या शिळेवर बसत नाहीत, हे दगडाचं म्हणणं. पण चोवीस बसतात आणि तुमच्या मित्राने चारच ओळी मागितल्या, म्हणजे अर्धी शिळा त्यांना मोकळी हवी आहे. ही त्यांची आवड झाली. ती वाईट आहे असं अजिबात नाही. भरगच्च शिळा दुरून सूचनाफलकासारखी दिसते आणि मोकळा दगड हाही कामाचा भाग असतो. पण आवड म्हणून ती मांडली गेली तर तुम्हाला तिच्यावर बोलता येईल. 'दगडात बसत नाही' असं सांगितलं की बोलणं तिथेच संपतं.

हिशेब करताना एक गोष्ट जरूर विचारा: शिळेची ९० सेंटिमीटर उंची जमिनीत जाणारा भाग धरून आहे की सोडून? पुष्कळदा इथेच घोळ होतो. पावसाचं पाणी जमिनीवर आपटून उडतं आणि खालचा भाग सतत ओला राहतो, त्यामुळे जमिनीलगतचे वीस-पंचवीस सेंटिमीटर तसेही कोरे ठेवणं बरं. मग तुमच्या आठ ओळींच्या सहा होतील आणि चोवीस शब्दांचे अठरा. शिल्पकारांनी हे मनात धरून चार ओळी म्हटल्या असतील, तर त्यांचं म्हणणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ रास्त आहे.

'अक्षर लहान करा, सगळी कविता बसेल' असं तुम्ही म्हणाल. २० मिलिमीटरच्या अक्षरात चौदा ओळी खरोखर बसतात. पण त्या अक्षराच्या रेषेची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर होते. वालुकाश्माचा कण दोन मिलिमीटरपर्यंत असू शकतो. तीन मिलिमीटरच्या खाचेचा काठ अशा दगडात सरळ निघत नाही, कण उपटून येतात आणि अनुस्वाराचं टिंब हे टिंब आहे की दगडातला खड्डा, हे कळेनासं होतं. स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, किंवा बारीक पोताचा चुनखडीचा दगड घेतला तर २० मिलिमीटरचं अक्षर स्वच्छ निघतं. तेव्हा अख्खीच कविता हवी असेल तर मागणी अशी करा: 'ही कविता आपण पाटीच्या दगडावर करू, या वालुकाश्मासाठी मी वेगळं काही देतो.' मात्र त्याची किंमत वाचकाला मोजावी लागेल. रंग न भरलेलं कोरीव अक्षर वाचायला ढोबळमानाने दर मीटर अंतराला १० मिलिमीटर उंची लागते. २० मिलिमीटरचं अक्षर वाचायला माणसाला दोन मीटरवर यावं लागेल. दालनात ते चालतं, मोकळ्या मैदानात सहसा नाही.

आता 'आर्द्र'. इथे मी बराच तुमच्या मित्राच्या बाजूने आहे. या शब्दात एकाच शिरोरेषेवर रफार, खाली द आणि त्याला चिकटलेला र, असा तीन मजली प्रकार आहे. ४० मिलिमीटर उंचीत, सहा मिलिमीटरच्या रेषेत हे कोरायचं म्हणजे दोन खाचांमध्ये दगडाची जी भिंत उरते ती काही ठिकाणी तीन मिलिमीटरहूनही अरुंद होते. त्या भिंतीला दोन्ही बाजूंनी छिन्नीचा धक्का बसतो आणि वालुकाश्मात ती कोरतानाच निखळते. निखळली नाही, तर पहिल्या काही पावसाळ्यांत जाते. असाच धोका ध, घ, क्ष यांच्या पोटातल्या जागांना आणि शिरोरेषेला दंड जिथे मिळतो त्या आतल्या कोपऱ्यांना असतो.

पण 'टिकणार नाही' हे सांगून मान्य करायची गोष्ट नाही, करून पाहायची आहे. त्याच ठोकळ्याचा कापून उरलेला तुकडा असेलच. त्यावर हा एकच शब्द ठरलेल्या आकारात कोरून मागा. दुसऱ्या जातीच्या दगडावरचा नमुना काही सांगत नाही, एकाच खाणीतल्या दोन ठोकळ्यांतही फरक पडतो. नमुन्यावर तीन गोष्टी पाहा: ऊन तिरकं असताना शब्द वाचता येतो का, ओला केल्यावर वाचता येतो का, आणि अंगठ्याने घासल्यावर काठाचे कण सुटतात का. शिवाय त्या शब्दाला किती वेळ लागला हे शिल्पकारांना लिहून ठेवायला सांगा. त्याला त्या शब्दातल्या अक्षरांनी भागून शिळेवरच्या एकूण अक्षरसंख्येने गुणलं की सगळ्या शिळेच्या वेळेचा अंदाज मिळतो. पुढे पैशांच्या वेळी तो कामाला येईल.

नमुना फसला तरी शब्द बदलणं हा एकमेव उपाय नाही. जोडाक्षर उभं रचण्याऐवजी आडवं मोकळं रचता येतं, तो एकच शब्द मोठा काढता येतो, खाच उथळ करता येते. सहा मिलिमीटर रुंदीच्या रेषेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी ६० अंशांची खाच दिली तर खोली पाच मिलिमीटरच्या आसपास जाते, ९० अंशांची दिली तर तीनच. उथळ खाचेचे काठ बोथट कोनाचे, म्हणून दणकट असतात, पण सावली फिकी पडते. देवाणघेवाण आहे. हे सगळं करून पाहिल्यावरही शब्द बदलायची वेळ आली तर नवा शब्द तुम्हीच द्यायचा. अडचण दाखवायचा हक्क त्यांचा आहे, पर्याय सुचवायलाही हरकत नाही. पण तुमच्या होकाराशिवाय कवितेतलं एक अक्षर हलता कामा नये आणि हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. इथे तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे.

तिरक्या रेघेचं उत्तर एका प्रश्नावर अवलंबून आहे: ती रंगाची आहे की चिरेची? दगडावर पाणी ओता आणि वाळू द्या. बाकी पृष्ठभाग वाळल्यावरही रेघ ओली राहत असेल तर तिथे चीर किंवा मऊ थर आहे. तिच्यावरून अक्षर नेलं तर ते फुटेल, तिला वळसा घालावाच लागेल. नुसता रंगाचा पट्टा असेल तर तुमच्या ओळी मोडायचं तांत्रिक कारण उरत नाही. जाता जाता हेही विचारा की दगडाचे थर शिळेच्या दर्शनी पृष्ठाला समांतर आहेत का. वालुकाश्मात तसे असतील तर उघड्यावर वरचा पापुद्रा काही वर्षांनी सुटतो आणि अक्षरांसकट जातो. पाटीच्या दगडात मात्र ते पृष्ठ तसंच हवं असतं.

ओळी मोडाव्याच लागल्या तर आपल्याकडच्या जुन्या लेखांत एक सोय सापडते. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या इ.स. ६३४च्या शिलालेखात कवी रविकीर्तीचे श्लोक दगडाच्या रुंदीभर सलग वाहत जातात. दगडाची ओळ आणि श्लोकाची ओळ यांचा मेळ घातलेला नाही. तुमच्या ओळींचे शेवट दंडांनी, म्हणजे विरामाच्या उभ्या रेघांनी, राखून दगडाची ओळ रेघेच्या कलाने जाऊ देता येईल. मुक्तछंदात हे जरा खटकेल, वृत्तबद्ध किंवा अभंगाच्या घाटाच्या रचनेला छान शोभेल. तुमची कविता कोणत्या प्रकारची आहे हे पत्रात नाही, तेव्हा निर्णय तुमच्याकडे.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे येतो: कविता करणारा मी, ते ती कोरणार. शब्द तुमचे आहेत, त्यात वाद नाही. पण कागदावर छापखान्यातला तयार टंक (फॉन्ट) असतो. दगडावर प्रत्येक अक्षराची जाडी, दोन अक्षरांमधली फट, कुठली वेलांटी शेजारच्या मात्रेला अडते आणि ती किती वळवायची, हे कोणीतरी काढावं लागतं. छापील टंक मोठा करून कोरला तर त्यातल्या बारीक रेषा दगडात हरवतात, म्हणून मुळापासून रेखाटावं लागतं. वाचकाच्या डोळ्यांपर्यंत जे पोचतं त्यातलं निम्मं हे रेखाटन आहे. हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. मंदसोरजवळ सोंदणी इथे राजा यशोधर्म्याचा सहाव्या शतकातला स्तंभलेख आहे. त्यात कवी वासुलाचं नाव आहे आणि कोरणाऱ्या गोविंदाचंही. बंगालमधल्या देवपाडा प्रशस्तीत, म्हणजे राजस्तुतीच्या शिलालेखात, कवी उमापतिधराबरोबर कोरणारा शूलपाणी त्याच्या भारदस्त बिरुदासकट हजर आहे. अगदी अलीकडचं पाहायचं तर स्कॉटलंडचे कवी इयन हॅमिल्टन फिन्ले (१९२५–२००६) स्वतः दगड कोरत नसत, त्यांच्या शब्दांच्या शिळा कारागिरांनी घडवल्या, आणि त्या कामांच्या नोंदीत सहकाऱ्याचं नाव दिलेलं असतं.

म्हणून नावांचं असं करा. दर्शनी भागावर कोणाचंच नाव नको, तिथे ते कवितेचा शेवटचा शब्द होऊन बसतं. शिळेच्या कडेवर किंवा मागे लहान अक्षरांत दोन्ही नावं आणि साल. माहितीपत्रकात 'कविता' आणि 'अक्षररेखाटन व कोरीव काम' अशा दोन स्वतंत्र नोंदी. रेखाटन तिसऱ्या सुलेखनकाराने केलं असेल तर तीन.

पैशांचा भाग भावनेने सुटणार नाही. दोन तृतीयांश हा आकडा जास्त की कमी, हे खर्च बाजूला काढल्याशिवाय कळत नाही. समजा शिळा १००ला विकली. दालनाने ४० घेतले, उरले ६०. दगड, वाहतूक आणि शिळेखालची बैठक यांचे १५ गेले, उरले ४५. नमुन्यावरून काढलेल्या तासांची मजुरी २५. शिल्लक २०, ती निम्मी-निम्मी. तुमच्या हातात १० येतात, त्यांच्या हातात मजुरीसह ३५. दहा ऐकून वाईट वाटेल, पण शिळा विकलीच गेली नाही तर काय होतं ते पाहा. तुमची कविता तुमच्याकडे आहे, ती संग्रहात जाईल. त्यांचे कित्येक दिवस आणि दगडाचे पैसे अडकून पडतील. समान वाटा हवा असेल तर जोखमीतही वाटा घ्या, दगडाची निम्मी किंमत आधी द्या. आणि शिल्पकारांच्या दोन तृतीयांशात दगडाचा खर्च धरलेला आहे की तो वेगळा, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका. माझ्या उदाहरणात दालन जाऊन उरलेल्या ६०चे दोन तृतीयांश म्हणजे ४०, आणि त्यातूनच ते दगडाचे १५ भरणार असतील तर त्यांच्याकडे २५ राहतात, तुम्हाला २० मिळतात. म्हणजे ज्या मागणीवर तुम्ही चिडलात ती माझ्या मांडणीपेक्षा तुमच्या फायद्याची ठरेल.

यासोबत एका पानाचा करार करा. शिळा विकली म्हणजे कविता विकली असं होत नाही, ती तुम्ही कुठेही छापू शकता. मात्र हीच अक्षररचना दुसऱ्या दगडावर पुन्हा कोरायची तर दोघांची संमती लागेल. चूक झाल्यास खर्च कोणाचा, हेही लिहा. माझी वाटणी अशी: सही केलेल्या रेखाटनातच चूक असेल तर ती कवीची, रेखाटन बरोबर असून दगडावर वेगळं उतरलं तर ती कोरणाऱ्याची, आणि आतली न दिसणारी चीर उघडी पडून शिळा फुटली तर नुकसान दोघांचं.

या सहीबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण कोरलेली चूक खोडता येत नाही. एक तर सगळं पृष्ठ खाचेच्या खोलीइतकं घासून काढायचं, नाहीतर चुकीचा भाग कापून दुसरा तुकडा बसवायचा, आणि त्याचा रंग कधीच जुळत नाही. त्यामुळे टंकलेली प्रत तपासून थांबू नका. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, वेलांटी जागा सोडते, जोडाक्षर फुटून हलन्त दिसू लागतो. तपासायचं ते शिळेच्या मापाचं, प्रत्यक्ष आकाराचं रेखाटन. शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे उलटं वाचा, म्हणजे डोळा अर्थाच्या ओघात पुढे पळत नाही. कविता ठाऊक नसलेल्या एखाद्याकडून ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्या. मग दोघांनी तारखेसह सही करायची. रेखाटन दगडावर उतरवल्यावर, छिन्नी लागण्याआधी, पुन्हा एकदा तिथे जाऊन वाचा. उतरवताना सर्वांत आधी गळतात ती टिंबं, आणि दगडातला एखादा काळा ठिपका अनुस्वार समजून कोरला जातो तोही इथेच.

तुमच्यापुढे मग तीन वाटा राहतात. ही कविता अख्खी पाटीच्या दगडावर. किंवा तिचा अठरा-वीस शब्दांचा तुकडा या वालुकाश्मावर आणि शेजारी पूर्ण कविता छापलेला कागद. किंवा या शिळेसाठी नवं लेखन. मधली वाट मला सर्वांत कमी आवडते. तुकडा मोठ्या कवितेतून तोडलेला आहे हे वाचकाला जाणवत राहतं आणि तो दगड सोडून कागदाकडे वळतो. तिसरी वाट मला योग्य वाटते, निदान उरलेल्या चार शिळांसाठी तरी. कागदासाठी पूर्ण झालेली कविता दगडासाठीही पूर्ण असेलच असं नाही. शिळा उभ्याने वाचतात, सावकाश, बहुधा एकदाच, आणि वाचून झालेली ओळ पुढचा मजकूर वाचताना डोळ्यांसमोरच असते. दुसऱ्या कडव्यात उलगडणारा शेवट तिथे आधीच दिसून जातो. लिहायला बसण्यापूर्वी दगड कुठे उभा राहणार, ऊन कुठून येणार, ते पाहून या. समोरून सरळ ऊन पडणाऱ्या शिळेवर सावली नसते आणि रंग न भरलेली अक्षरं दिवसाचे काही तास दिसतच नाहीत. हे ठाऊक असलेला कवी वेगळं लिहितो.

माघारीचं विचारलंय तर सांगतो. शब्दाचा नमुना कोरून दाखवायला नकार आला, किंवा रेखाटनावर तुमची सही घेण्याची गरज नाही असं म्हटलं गेलं, तर थांबा, आणि कविता परत घेतल्याचं लेखी कळवा. या दोन गोष्टींना होकार असेल तर दोन तृतीयांशाचं ऐकून लगेच उठू नका. पुढच्या भेटीला वर केलेला अक्षरांचा हिशेब, शिळा उभी राहायच्या जागेचा सकाळी आणि दुपारी काढलेला एकेक फोटो आणि कराराचं कच्चं पान घेऊन जा. पहिला प्रश्न त्या कापून उरलेल्या तुकड्याचा विचारा.